घरात आलेली केमो

मला मल्टिपल मायलोमा आहे. बोन मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशींचा हा कॅन्सर. त्यावरचं माझं मुख्य औषध म्हणजे लेनालिडोमाइड नावाची कॅप्सूल. ती मी सांगलीत, आमच्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर स्वतःच्या हाताने घेते. सलाइन नाही, नर्स नाही, वॉर्ड नाही. आलेल्या पाहुण्यांना वाटतं, बीपीची गोळी असेल. ती इतकी साधी दिसते यातच तिचा धोका आहे, असं माझं ठाम मत झालंय. हॉस्पिटलात केमो देताना पेशंटचं नाव, डोस, रक्ताचा रिपोर्ट हे सगळं तपासायला माणसं असतात. कॅप्सूल घरी आली की ते सगळं काम घरच्यांवर येतं. आपल्याकडे मात्र पुष्कळ घरांत पिशवीतून औषध येतं आणि ‘रात्री एक’ एवढंच लक्षात राहतं.

माझी सुरुवात कंबरदुखीने झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झालेली, उभं राहून शिकवायची सवय, त्यामुळे वयाचं दुखणं म्हणून सगळ्यांनीच सोडून दिलं. पण हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी वाढेना आणि किडनीचं काम कसं चाललंय हे सांगणारं क्रिएटिनीन मात्र वाढत चाललं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून पाहायची तपासणी, करायला सांगितलं. त्यात एम बँड निघाला, म्हणजे मायलोमाच्या पेशी बनवतात त्या प्रोटीनची पट्टी. मग कमरेच्या हाडातून बोन मॅरोची तपासणी झाली. स्कॅनमध्ये मणक्यांत आणि बरगड्यांत हाड पोखरल्यासारखे डाग दिसले. पुण्याहून रक्तविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा आमच्याकडे येतात, त्यांच्याकडे उपचार सुरू झाले. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिब या मायलोमावरच्या औषधाचं इंजेक्शन, आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड आणि लेनालिडोमाइड सलग 21 दिवस, मग 7 दिवस सुट्टी. असे 28 दिवस झाले की एक सायकल पूर्ण.

पहिल्याच दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या जतच्या बाईंची चिठ्ठी मी पाहिली. त्यांना तेच औषध 25 मिलिग्रॅमचं, मला 10 चं. वाटलं, लिहिताना चुकले असतील. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, हे औषध बहुतेक किडनीवाटे बाहेर पडतं. तुमची किडनी सध्या मंद चाललीय. 25 दिलं तर ते अंगात साठत जाईल आणि पेशी नको तितक्या खाली जातील.” वय, वजन आणि क्रिएटिनीन यांवरून किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते याचा हिशोब करतात. तो आकडा 30 ते 60 च्या मध्ये असेल तर लेनालिडोमाइड 10 पासून सुरू करतात, हे तेव्हा कळलं. पुढे उपचारांनी किडनी सुधारली तसा त्यांनी डोस वाढवला. एकाच आजाराच्या दोन पेशंटचे डोस सारखे असतील असं धरून चालू नये. उरलेली कॅप्सूल दुसऱ्या पेशंटला देऊ नये, त्याचंही हेच कारण. वेटिंगमध्ये असं पुण्यकर्म करायला निघालेली चांगली माणसं मी पाहिली आहेत. माझा डोस बदलला तेव्हा उरलेल्या कॅप्सूल मी हॉस्पिटलच्या फार्मसीत परत नेऊन दिल्या. कचऱ्यात टाकायच्या नाहीत, संडासात सोडायच्या नाहीत.

औषधाच्या डबीत 30 कॅप्सूल यायच्या आणि घ्यायच्या होत्या 21. डबी रिकामी होईपर्यंत घेत राहायचं, ही आपल्याला लागलेली सवय. इथे तसं केलं तर सुट्टीचा आठवडा बुडतो, आणि त्या आठवड्यातच पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वर यायला वाव मिळतो. म्हणून आमच्या ह्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर काम सुरू केलं. सायकलचा पहिला दिवस लाल गोल, एकविसावा दिवस लाल चौकोन, मधल्या प्रत्येक तारखेवर कॅप्सूल गिळल्यानंतरच बरोबरची खूण. आधी खूण करायची नाही, हा नियम त्यांचाच. सायकल महिन्याच्या तारखांशी जुळत नाही, दर वेळी सरकते, म्हणून पुढच्या दोन पानांवर आधीच लिहून ठेवतो. डबीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून उरलेल्या कॅप्सूलचा आकडा लिहितो. कॅलेंडर आणि झाकण जुळलं नाही तर त्या दिवशी काहीही न घेता फोन करायचा, असं ठरलेलं आहे.

डेक्सामेथासोनचा धोका वेगळाच. 4 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या एका वेळी, तेही आठवड्यातून एकदाच. केमिस्टनेसुद्धा दोनदा विचारलं की एवढ्या एकदम? त्यांनी विचारलं याचं मला बरंच वाटलं. या गोळ्या चुकून रोज घेतल्या गेल्या तर साखर, इन्फेक्शन, पोटातला रक्तस्राव, काहीही होऊ शकतं. आम्ही चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘फक्त गुरुवारी’ असं मराठीत लिहून घेतलं. गुरुवारी सकाळी नाश्ता झाल्यावरच घ्यायच्या, कारण दुपारनंतर घेतल्या तर रात्र जागून जाते. सकाळी घेऊनही माझी गुरुवारची झोप उडायचीच. भांडी घासायची इच्छा व्हायची, जुन्या फाइली लावत बसायचे, आणि शनिवारी अंगातला सगळा जोर उतरून डोळ्यांत पाणी यायचं. हा त्या गोळीचा परिणाम आहे हे घरातल्यांना आधी सांगितलेलं असावं. नाहीतर माणसं उगीच एकमेकांचं मनाला लावून घेतात.

कॅप्सूल घेण्याची रीत अगदी साधी आहे, पण ती मोडू नये. रोज एकाच वेळी, अख्खी, पाण्याबरोबर. जेवणाआधी घेतली काय, नंतर घेतली काय, चालते. मी रात्री घेते, कारण गुंगी आली तर झोपेत जाते. फोडायची नाही, चावायची नाही, मधात कालवायची नाही. वेळ टळली आणि 12 तासांच्या आत आठवण झाली तर घ्यायची. 12 तास उलटून गेले असतील तर ती सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्यायची. दोन कधीच नाहीत. आषाढी एकादशी एकदा नेमकी गुरुवारी आली होती. मी विचारलं, उपास करू का? डॉक्टर म्हणाले, “साबुदाण्याची खिचडी पोटभर खा आणि मग गोळ्या घ्या. निर्जळी मात्र करायची नाही.” मायलोमाची प्रोटीनं किडनीच्या नळ्यांत अडकतात, म्हणून दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी हे मला औषधाइतकंच बांधून दिलेलं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले ती सांगते.

उपचार सुरू होऊन थोडेच महिने झाले होते आणि बंगळूरहून लेकीचा फोन आला की तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. आनंदाने मला बोलता येईना. आणि त्याच रात्री डबी हातात घेतली तेव्हा तिच्यावरचं चित्र पुन्हा दिसलं: गरोदर बाईची आकृती आणि त्यावर लाल फुली. औषध सुरू करताना एका फॉर्मवर माझी सही घेतली होती, तेव्हा माझी पाळी कधीच गेलेली आहे म्हणून आम्ही त्यातलं गरोदरपणाचं कलम वाचून पुढे गेलो होतो. आता ते कलम आमच्या घरात राहायला येणार होतं.

पुढच्या भेटीत ही गोष्ट मी सगळ्यात आधी काढली. डॉक्टरांनी घाई न करता मागचं सगळं सांगितलं. लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या घराण्यातलं औषध. थॅलिडोमाइड 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेची गोळी म्हणून विकायला आलं. निर्धोक आहे असं सांगून ते गरोदर बायकांना सकाळच्या मळमळीवरही दिलं गेलं. 1961 च्या शेवटी ते मागे घेतलं, तोपर्यंत कितीतरी देशांत मिळून सुमारे दहा हजार बाळं हातपाय खुंटलेली जन्मली होती. कित्येक तर वाचलीच नाहीत. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या औषध खात्यातल्या अधिकारी बाईंनी कंपनीचा दबाव असूनही परवानगी दिली नाही, म्हणून तिथली बाळं फार मोठ्या संख्येने वाचली. पुढे 1964 मध्ये जेरुसलेममध्ये एका डॉक्टरांना दिसलं की कुष्ठरोगातल्या गाठींच्या वेदनादायक रिअॅक्शनवर हे औषध चालतं. 1999 मध्ये अमेरिकेत अर्कान्सामधल्या डॉक्टरांनी मायलोमावर ते लागू पडतं असं प्रसिद्ध केलं, आणि त्यातून पुढे लेनालिडोमाइड आलं. 2010 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं की थॅलिडोमाइड शरीरातल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रोटीनला चिकटतं. त्याच प्रोटीनच्या वाटेने हे औषध मायलोमाच्या पेशी मारतं आणि त्याच वाटेने गर्भाचं नुकसान करतं. म्हणजे गुण ठेवून दोष काढून टाकला, असं त्याचं करता येत नाही. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पण एखादी माहिती इतकी पोटात कधी गेली नव्हती.

“मग मुलीला येऊ नको म्हणू का?” मी विचारलं.

ते म्हणाले, “अजिबात नाही. तुमच्या अंगाला हात लावल्याने, तुमच्या हातचं खाल्ल्याने, एका खोलीत झोपल्याने तिला काही होत नाही. तिने कॅप्सूलला हात लावायचा नाही, आणि फुटलेल्या कॅप्सूलची पावडर तिच्यापर्यंत जायला नको. तेवढं सांभाळा.”

तेवढं आम्ही सांभाळलं. कॅप्सूलची डबी स्वयंपाकघराशेजारच्या कपाटातून निघाली आणि ह्यांच्या टेबलाच्या कुलपाच्या खणात गेली. मी ती स्वतः काढायची, गोळ्यांच्या डब्यात किंवा वाटीत काढून ठेवायची नाही, गिळली की साबणाने हात धुवायचे. मला काढता आली नाही तर हातमोजे घालून हे देणार, लेक किंवा सून नाही. सूनही तरुण आहे, हे लोक विसरतात. पोटात बाळ असेल हे पहिले काही आठवडे बाईला स्वतःलाही माहीत नसतं. कॅप्सूल कधी फुटली तर ओल्या कागदाने हातमोजे घालून टिपायची, ते सगळं बंद पिशवीत घालायचं आणि जागा साबणपाण्याने पुसायची. औषधाचा मोठा भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो, म्हणून मी मागच्या अंगणातला संडास वापरायला लागले आणि घरातला लेकीला दिला. मला उलटी झाली तर ती साफ करायला हे. आमच्याकडे दोन संडास होते म्हणून सोपं गेलं. एकच असेल तर झाकण लावून पाणी सोडायचं आणि सफाई दुसऱ्याने करायची, असं नर्सने सांगितलं होतं.

माझ्या जाऊबाई म्हणाल्या, इतकं सगळं करण्यापेक्षा तेवढे महिने कॅप्सूल बंद ठेव. बोलल्या प्रेमापोटीच. पण ते शक्य नव्हतं. माझा एम बँड तेव्हा कुठे खाली येत होता. लेकीनेच त्यांना सांगितलं, “काकू, आईला औषधासकट घरात ठेवायचं आहे मला.”

नातू सांगलीतच झाला, धडधाकट. त्याला तेल लावून न्हाऊ घालायचं काम माझ्याकडे होतं, हात धुऊन. फक्त दुपटी बदलणं मला मना होतं. बाळाला तोंडावाटे देतात त्या पोलिओ आणि रोटाच्या डोसांत जिवंत विषाणू असतात, ते काही आठवडे शीतून पडत राहतात, आणि माझी प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली. हे बाळाच्या डॉक्टरांना आपण होऊन सांगायला लागतं, कारण त्यांच्यासमोर पेशंट बाळ असतं, आजी नाही.

वेटिंगमध्ये एका तरुण जोडप्याची कुजबुज ऐकली होती, म्हणून हेही उघड लिहिते. पेशंट पुरुष असला तरी नियम आहेत. औषध वीर्यात उतरतं, म्हणून बायकोला मूल होण्याची शक्यता असेल तर निरोध वापरायलाच हवा, नसबंदी झालेली असली तरीही, आणि औषध थांबल्यावर निदान चार आठवडे. तेवढाच काळ रक्तदानही करायचं नाही. पेशंट बाई पाळी येणारी असेल तर औषध सुरू करण्याआधी आणि चालू असताना ठरलेल्या वेळी गरोदरपणाची तपासणी करावी लागते. लाजेपायी हे प्रश्न न विचारता घरी जाणारे लोक आहेत. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर आपण काढावा.

दुसरी मोठी गोष्ट तापाची. सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायचे. नर्सने मला एएनसी हा आकडा वाचायला शिकवला, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या. तो 1000 च्या खाली गेला की कॅप्सूल थांबवून फोन. एकदा रात्री मला थंडी वाजून आली. थर्मामीटर 101 दाखवत होता. शेजारचे म्हणाले, पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू. पण ताप 100.4 झाला की लगेच हॉस्पिटल, हा आकडा आम्हाला पाठ होता. तापाची गोळी घेतली असती तर ताप उतरल्यासारखा दिसला असता आणि इन्फेक्शन आत वाढत राहिलं असतं. हे रिक्षा घेऊन आले, फाइल आणि औषधांची यादी पिशवीत तयारच असते, ती उचलली. तपासलं तर एएनसी 500 च्याही खाली. रात्रीच सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. पेशी वर येईपर्यंत कॅप्सूल बंद राहिली आणि नंतर कमी डोसने पुन्हा चालू झाली. डोस कमी झाला म्हणून मी घाबरले होते, पण झेपेल असा डोस नेमाने घेत राहण्यावरच उपचार चालतो, हे डॉक्टरांनी समजावलं.

हे औषध, विशेषतः डेक्सामेथासोनबरोबर घेताना, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी करू शकतं. म्हणून मला रोज जेवणानंतर अॅस्पिरिन. ज्यांना आधी गुठळी झालीय किंवा ज्यांचा धोका जास्त आहे त्यांना रक्त पातळ करणारं जोरकस औषध देतात. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला तर वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर होतं. हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड सुरू करायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण ते चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही असं काहींच्या बाबतीत होतं.

मला सगळ्यात जड गेलं ते आपल्याच माणसांना नाही म्हणणं. बहिणीने कंबरदुखीवर डायक्लोफेनॅक आणून दिलं. तिला त्याने आराम पडतो. मायलोमात अशा वेदनाशामक गोळ्या किडनी निकामी करू शकतात, म्हणून त्या मला बंद. नणंद गुळवेलीचा काढा घेऊन आली. तिला मी बसवून सांगितलं की 2021 मध्ये मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद प्रसिद्ध केली आहे, आणि माझ्या लिव्हरवर आधीच औषधांचा भार आहे. ती जरा रुसली. मी तो काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणार नाही म्हटलं, आणि विचारल्यावर ते नाही म्हणाले. आयुर्वेदावर माझा राग नाही. पण एका माणसाच्या पोटात काय काय चाललंय हे एका कोणाला तरी पूर्ण माहीत असलं पाहिजे, आणि त्या माणसापासून काही लपवू नये.

पैशाचंही बोलायला हवं. परदेशात या औषधाच्या किमती ऐकून छाती दडपते. आपल्याकडे भारतीय कंपन्या ते बनवतात म्हणून महिना काही हजारांत निभतो. तरी महिन्यामागून महिने ते काही हजार पुष्कळ घरांना जड जातात. मग लोक कोणाला न सांगता एकाआड एक दिवस घेतात, डबी दोन महिने पुरवतात. असं करणाऱ्या एका काकांना मी मिरजेला भेटले. त्यांचा एम बँड वाढला तेव्हा डॉक्टरांना वाटलं औषध निकामी झालं. त्यांनी परवडत नाही हे सांगितल्यावर समाजसेवकांनी ट्रस्टचे अर्ज भरून दिले. परवडत नाही ही डॉक्टरांना सांगायची वैद्यकीय माहिती आहे. कंपनी बदलली की कॅप्सूलचा रंग बदलतो, तेव्हाही रंगावर न जाता डबीवरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचावा. आम्ही दुकानातच चिठ्ठी शेजारी धरून वाचतो.

सध्या इंजेक्शन आणि डेक्सा थांबलं आहे. लेनालिडोमाइड 10 मिलिग्रॅम मेंटेनन्स म्हणून, म्हणजे आजार पुन्हा डोकं वर काढू नये यासाठी, चालू आहे, 21 दिवस आणि सुट्टी तशीच. मधे जुलाबांनी फार हैराण झाले होते. मी ते खाण्यावर ढकलत होते, पण हे औषध बरेच महिने घेतल्यावर आतड्यात पित्तातली आम्लं नीट शोषली जात नाहीत आणि त्यामुळे असं होतं. त्यावर पाण्यात मिसळून घ्यायची पावडर मिळाली, ती इतर औषधांपासून काही तासांच्या अंतराने घेते, आणि तूप-तळण कमी केलं. आता सकाळी फिरायला जाता येतं. पायात रात्री पेटके येतात, त्याचं पुढच्या भेटीत विचारायचं आहे. डेक्साने मोतीबिंदू लवकर येऊ शकतो म्हणून डोळेही तपासून घ्यायचे आहेत. दोन्ही प्रश्न वहीत लिहून ठेवलेत, आणि त्याखाली लेकीचा एक: बाळाला घेऊन ती दिवाळीत येतेय, आता तो रांगत सगळे खण उघडतो, तर टेबलाचं कुलूप पुरेल का? ह्यांनी तोवर वरच्या फळीवर नवा पत्र्याचा डबा बसवलाय.